मित्राला एका दिवसात मालवण दाखवायचं तर

रेल्वेच्या तिकिटावर 'सिंधुदुर्ग' हे स्थानकाचं नाव वाचून पुष्कळांना वाटतं, की फलाटाबाहेर आलं की समोर समुद्र आणि समुद्रात किल्ला. स्थानक आहे ओरोसला आणि किल्ला आहे मालवणच्या पाण्यात, तिथून तीस-पस्तीस किलोमीटर दूर. ओरोस म्हणजे सिंधुदुर्गनगरी. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचं हे मुख्यालय. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय आणि कर्मचाऱ्यांच्या वसाहती असा इथला पसारा. इथं माणसं कागदपत्रं घेऊन येतात, फिरायला कुणी येत नाही. पण बदलीवर आलेल्या प्रत्येकाकडे कधी ना कधी घाटावरचा जुना दोस्त येतो आणि विचारतो, "एक दिवस आहे हातात, काय दाखवतोस?"

या प्रश्नाला घाईघाईनं दिलेलं उत्तर साधारण असं असतं: सकाळी किल्ला, मग स्कुबा, मग तारकर्ली, देवबागचा संगम, त्सुनामी बेट, रॉक गार्डनचा सूर्यास्त आणि रात्री वडे-सागोती. एवढं सगळं एका दिवसात होतं, पण गाडीच्या काचेतून. मालवणात गर्दी, ऊन, वारा आणि पाणी या चारही गोष्टींची वेळ ठरलेली असते. ती धरून दिवस आखला तर एक किल्ला, एक जेवण आणि एक संध्याकाळ पुरून उरते.

आधी तिथी बघा

होडीनं जायचंय, तेव्हा भरती-ओहोटी कधी आहे हे आदल्या रात्रीच पाहून ठेवा. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. तिथून सुमारे सहा तासांनी ओहोटी. मालवणी माणूस तिला सुकती म्हणतो. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला एवढं पुरे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हेही लक्षात ठेवा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे चढउतार कमी. पाहुण्याला पाण्याची भीती असेल, बरोबर वयस्कर माणूस असेल, तर अष्टमीजवळचा दिवस धरा. त्या दिवशी सकाळी पाणी उतरत असतं आणि दुपारी बाराच्या सुमाराला सुकती लागते. किल्ल्यालगतचे खडक आणि छोटी पुळण तेव्हाच मोकळी दिसतात. उधाणाच्या भरतीत त्या खडकांवर उतरणं धोक्याचं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत सकाळी समुद्र बहुधा शांत असतो आणि ऊन चढलं की समुद्रावरून वारा धरतो. दुपारची होडी म्हणूनच जास्त हलते. ज्याला होडी लागते, त्यानं सकाळीच जावं. शक्य असेल तर शनिवार-रविवार आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. त्या दिवसांत जेट्टीवर रांगेतच तास जातो.

ओरोसहून निघताना

मालवणला जायला दोन वाटा आहेत. महामार्गानं उत्तरेला कसालपर्यंत जाऊन तिथून डावीकडे वळायचं, ही सरळ वाट. दक्षिणेला कुडाळ गाठून धामापूर-चौकेमार्गे जायचं, ही जरा लांबची पण झाडीतली. सकाळी कसालनं जा आणि येताना धामापूरनं या. दोन्हींकडे रस्ता वळणांचा आहे, त्यामुळे स्वतःची गाडी असली तरी तासभर धरून चाला.

एसटीनं जाणाऱ्यांनी मालवण स्थानकात उतरल्याबरोबर पहिलं काम करावं: परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ चौकशीच्या खिडकीवर विचारून घ्यावी. मोबाईलवर दिसणाऱ्या वेळेपेक्षा खिडकीतल्या माणसाचा शब्द खरा. आणि मित्र रेल्वेनं येणार असेल, तर त्याची गाडी सिंधुदुर्ग स्थानकावर थांबते का, हे तिकीट काढण्याआधीच बघा. सगळ्या गाड्या इथं थांबत नाहीत. तशी वेळ आली तर कुडाळ किंवा कणकवली हाताशी आहेच.

घरून सातला निघालात की आठला मालवणात. तिथं घावणे-चटणी किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन घ्या. होडीत बसण्याआधी पोट अगदी रिकामंही नको आणि तुडुंबही नको. पाण्याची बाटली, टोपी आणि ओली झाली तरी चालेल अशी चप्पल एवढं सामान पुरे.

होडी आणि किल्ला

जेट्टीवर होडीचं तिकीट मिळतं. पलीकडे जायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. लाइफ जॅकेट देतात, ते हातात धरून बसायला नसतं. घाला आणि पट्टे आवळा. होडीत उभं राहून फोटो काढणाऱ्या मित्राला पहिल्यांदाच खाली बसवा.

होडीवाले किल्ल्यात साधारण तासाभराचा वेळ देतात. किल्ला आहे ४८ एकरांचा आणि तट जवळपास तीन किलोमीटर. तासात सगळं होणार नाही. आरामात बघायचं असेल तर निघण्यापूर्वीच सांगा, "आम्ही नंतरच्या होडीनं येऊ," आणि ते चालेल का, हे तिथंच पक्कं करून घ्या. मग पुढे धावपळ होत नाही.

पाण्यात असतानाच मित्राला एक कोडं घाला: दरवाजा शोध. होडी तटाच्या अगदी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही. दोन बुरुजांच्या मधून वाट आत वळते आणि वळणापलीकडे महादरवाजा आहे. समुद्रातून येणाऱ्या शत्रूला तोफ कुठं रोखायची तेच कळू नये, अशी ही रचना. जंजिऱ्याचा सिद्दी हाती लागत नव्हता, गोव्यात पोर्तुगीज होते, सुरतेला इंग्रज होते. अशा काळात शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. १६६७ मध्ये तो पुरा झाला. लाटांच्या माऱ्यात पाया टिकावा म्हणून त्यात शिसं ओतलं. काम चालू असतानाच, फेब्रुवारी १६६५ मध्ये, महाराज याच मालवणहून आरमार घेऊन कर्नाटकातल्या बसरूरवर गेले. किनाऱ्यावर उभं राहून हा किल्ला एकटा वाटतो. मालवणच्या बाजूला राजकोट, कोळंबच्या खाडीच्या तोंडाशी सर्जेकोट आणि जवळच्या खडकावर पद्मगड अशी त्याची सोबत होती, हे मित्राला सांगा. चारी ठिकाणं ध्यानात घेतली की बंदराची राखण कशी होत असेल, ते आपोआप कळतं.

आत शिरल्यावर क्रम असा ठेवा. दरवाज्याजवळच तटावर चढा. तिथं छोट्या घुमट्यांत चुन्यात उमटलेले उजव्या हाताचे आणि डाव्या पायाचे ठसे आहेत, ते महाराजांचे मानले जातात. घुमटी एवढीशी आहे आणि बघण्यासाठी वाकावं लागतं. गर्दी झाली की मागचा माणूस पुढच्याला ढकलतो आणि पाहणं राहून जातं, म्हणूनच पहिल्या होड्यांचं महत्त्व. तिथून शिवराजेश्वर मंदिराकडे चला. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेल्या या मंदिरात शिवरायांची बसलेली मूर्ती आहे आणि तिला दाढी नाही. चित्रांतून मनात बसलेला चेहरा इथं नाही, त्यामुळे नवखा माणूस क्षणभर गोंधळतो. मूर्तीवर मुखवटा चढवलेला असेल तर पुजाऱ्यांना नम्रपणे विचारा, ते सांगतात. पुढचा सभामंडप कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या काळातला.

मंदिरानंतर पाणी बघा. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. बाव म्हणजे विहीर. किल्ला लढायचा तर आधी पाणी लागतं, आणि इथं ते आहे. मग पश्चिमेच्या तटाकडे जा. तट सरळ रेषेत नाही, नागमोडी आहे. त्यामुळे एका वळणावरून दुसऱ्या वळणाच्या पायथ्याशी आलेला शत्रू टिपता येतो. तटातच बांधलेली शौचकूपं आहेत, तीही बघून घ्या. पहाऱ्यावरच्या माणसाला जागा सोडून जावं लागू नये, इतका बारीक विचार साडेतीनशे वर्षांपूर्वी झालेला दिसतो. तटातल्या छोट्या दाराबाहेर एक चिमुकली पुळण आहे, तिला राणीची वेळा म्हणतात. ताराराणी इथं येत, असं सांगतात. पाणी उतरलेलं असेल तरच तिथं उतरा.

तटाच्या पायऱ्या उंच आहेत आणि कडेला कठडा नाही. मित्राचे गुडघे कुरकुरत असतील तर त्याला मंदिराजवळच्या सावलीत बसवून तुम्ही फेरी मारून या. दोघांनी सगळं बरोबरच बघितलं पाहिजे असं काही नाही.

माहिती सांगायला स्थानिक माणूस घ्यावा का? जरूर घ्यावा. पैसे आधी ठरवा आणि तो दंतकथा सांगू लागला तरी मध्ये तोडू नका. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. भवानी, महादेव, जरीमरी यांच्या देवळांची देखभाल चालते. म्हणजे ही कुणाची तरी आळी आहे. अंगणात वाळत घातलेल्या कोकमांचा किंवा चुलीपुढच्या बाईचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. त्यांच्याकडून नारळपाणी किंवा कोकम सरबत घेतलं तर दोघांचंही भलं.

१७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेऊन त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव दिलं होतं. ते नाव आता पुस्तकातच उरलं. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. त्यातले अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन आपल्या जिल्ह्यातले.

परत आल्यावर, पाणी उतरलेलं असेल तर किनाऱ्यानं चालत मोरयाचा धोंडा बघून या. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. किल्ल्याच्या कामाआधी महाराजांनी इथं पूजा केली, अशी मालवणची श्रद्धा. राजकोटावर २०२५ मध्ये उभारलेला शिवरायांचा नवा पुतळाही याच फेरीत बघून होतो.

जेवण: पाटी वाचू नका, विचारा

साडेबारा ते एक ही जेवणाची योग्य वेळ. दीडनंतर चांगल्या खानावळीत थांबावं लागतं आणि हवा तो मासा संपलेला असतो. आत गेल्यावर "सुरमई थाळी द्या," असं एकदम सांगू नका. "आज ताजं काय आलंय?" असं विचारा. बांगडा ताजा असेल तर तो शिळ्या सुरमईपेक्षा केव्हाही सरस. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, पेडवे किंवा मोरीचं मटण यांपैकी जे त्या दिवशी असेल ते घ्या. घाटावरच्या माणसाला तिरफळ आधीच दाखवून ठेवा. ते स्वादासाठी असतं, चावायचं नसतं. सोलकढी जेवणानंतर प्या, तिखट त्यानं निवतं.

मित्र शाकाहारी असेल तर त्याच्यासाठी बटाट्याची भाजी मागवून त्याचा अपमान करू नका. काळ्या वाटाण्याची आमटी आणि वडे हे मालवणचं अस्सल जेवण आहे. मार्च-एप्रिलात ओल्या काजूंची उसळ मिळाली तर मासे खाणाराही आपलं ताट बाजूला ठेवील.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मिळणारा मासा बर्फातला किंवा खाडीतला. आणि सोमवारी, गुरुवारी, श्रावणात बरीच घरं मासे खात नाहीत. पाहुण्याला घरगुती खानावळीत नेणार असाल तर वार बघून, आधी फोन करून जा.

दुपार बाजारात

एक ते चार हे उन्हाचे तास. याच वेळी तारकर्लीच्या वाळूत गेलात तर अंगाची काहिली होते आणि समुद्रही नीट बघवत नाही. हा वेळ मालवणच्या बाजारपेठेला द्या. अरुंद रस्ता, कौलारू घरं, पुढे दुकान आणि मागे राहणं अशी ही जुनी पेठ आहे. मधल्या वेळेत काही दुकानं बंद असतात, तेव्हा मेढ्यातल्या जय गणेश मंदिरात जाऊन या. आदल्या रात्री ज्या 'कालनिर्णय'मध्ये तुम्ही तिथी पाहिलीत, त्याचे संस्थापक जयंतराव साळगावकर यांनी बांधलेलं हे देऊळ. ते मूळचे मालवणचेच.

खरेदी नीट विचारून करा. कोकमाचं आगळ वेगळं आणि सरबताचा पाक वेगळा. आगळात मीठ असतं, ते सोलकढीला चालतं; पाकात साखर असते. बाटलीवरचं नाव न वाचता घेतलं की घरी जाऊन सोलकढी गोड होते. काजू सालीसकट भाजलेले घ्या. मालवणी मसाला, कुळथाची पिठी, तिरफळं आणि आलं-गुळात घोळवलेलं खाजं टिकतं, प्रवासाला चालतं. सुके मासे घेणार असाल तर दुहेरी पिशवीत बांधून घ्या, नाहीतर रेल्वेच्या डब्यात मित्राला शेजारी मिळणार नाहीत. पोवळ्याचे किंवा प्रवाळाचे तुकडे कुणी विकायला आणले तर घेऊ नका. किल्ल्याभोवतीच्या समुद्राला १९८७ पासून सागरी अभयारण्याचा दर्जा आहे आणि प्रवाळ बाळगणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

संध्याकाळी एकच काहीतरी

दिवस बिघडतो तो इथं. चारनंतर तारकर्ली, देवबाग, रॉक गार्डन असं सगळं गाठायला निघालं की सूर्यास्त रस्त्यातच होतो. म्हणून मित्राचा स्वभाव बघून एकच निवडा.

त्याला माणसं बघायला आवडत असतील तर जेट्टीजवळ थांबा. बोटी लागतात, टोपल्या वाळूवर उतरतात, वाटे मांडले जातात आणि लिलाव सुरू होतो. आकडे इतक्या भराभर बोलले जातात, की नवख्याला कोण कुणाला काय म्हणालं ते उमगतच नाही. तोवर एखादी कोळीण वाटा उचलून चालायलाही लागते. वाटेत उभं राहू नका, वाटा घ्यायचा नसेल तर भाव विचारू नका.

त्याला नुसता समुद्र हवा असेल तर चिवल्याची पुळण किंवा रॉक गार्डन. ही दोन्ही गावातच आहेत, एसटी चुकायची भीती नाही. तारकर्ली सहा-सात किलोमीटर पुढे आहे, तिकडे गाडी असेल तरच जा.

आणि त्याला शांतता हवी असेल तर साडेचारलाच मालवण सोडा आणि धामापूरला थांबा. डोंगरांमध्ये अडवलेला हा तलाव १५३० चा, विजयनगरच्या काळातला. काठावर भगवतीचं देऊळ आहे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगानं या तलावाला जागतिक वारसा सिंचन वास्तूचा मान दिला. जवळपास पाचशे वर्षं झाली तरी त्याचं पाणी वापरात आहे. माझं मत विचाराल, तर सकाळी समुद्रातला किल्ला आणि संध्याकाळी धामापूर ही जोडी सगळ्यात चांगली. राजानं उभारलेला किल्ला आणि गावानं राखलेलं पाणी, दोन्ही एका दिवसात बघून होतं. अंधार पडण्याआधी कुडाळवरून ओरोसही गाठता येतं. तलावात मात्र उतरू नका, पाणी खोल आहे.

स्कुबाचं काय? त्याला वेगळा दिवस द्या. स्कुबाला सकाळचं शांत पाणी लागतं आणि किल्ल्यालाही सकाळच लागते. एका सकाळचे दोन तुकडे केले की दोन्ही अर्धवट होतात.

पावसाळ्यात पाहुणा आला तर

मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याच्या होड्या बंद असतात. त्या दिवसांत ओळखीपाळखीनं होडी काढायला लावणं हा जिवाशी खेळ आहे. तेव्हा मालवणचा हट्ट सोडा आणि सावंतवाडी धरा. मोती तलाव, काठावरचा राजवाडा, तिथं हातानं रंगवली जाणारी गंजिफा आणि चितार आळीतली लाकडी खेळणी एवढ्यात दिवस छान जातो. गंजिफाचा डाव रंगवताना कारागीर ब्रश कसा धरतो, ते जवळून बघा. यंत्रावर छापलेला संच आणि हा संच यांच्या किमतीत इतका फरक का, ते मग विचारावं लागत नाही.

शेवटी यजमानांना एक विनंती. मित्राला किल्ल्यावर नेताना पाण्याची एक बाटली न्या आणि ती रिकामी परत आणा. बेटावरचा कचरा होडीनंच किनाऱ्यावर आणावा लागतो. तटावर नावं कोरणारा कुणी दिसला तर त्याला तिथंच हटका, मग तो तुमचाच पाहुणा का असेना.